अचित्त अंगण

प्लास्टिकच्या गवतावर पाय ठेवला तर दोष लागतो का? या प्रश्नाचं सरळ उत्तर शास्त्रात सापडायचं नाही, कारण शास्त्रं लिहिली गेली तेव्हा गवत एकाच प्रकारचं होतं. पण आपल्या घरांतून हा प्रश्न आता खरोखर विचारला जातो, आणि विचारणाऱ्या बहुतेक बायका असतात. अंगण झाडायचं कुणी, लॉनला पाणी द्यायचं कुणी, मुलांचे चिखलाचे पाय धुवायचे कुणी, हे जिच्या वाट्याला येतं तिच्या मनात तो आधी येणारच.

मला तो विचारला माझ्या मावसबहिणीच्या सुनेनं. ती सुरतेला, हजिऱ्याच्या बाजूला राहते. तिचा नवरा तिथल्या एका कारखान्यात आहे. बंगला लहान, पण मागे मोकळी जागा बऱ्यापैकी. त्या जागेवर कृत्रिम गवत अंथरून, भोवती जाळी लावून मुलांसाठी खेळाचं कोर्ट करायचं त्यांच्या मनात होतं.

"मावशी, सासूबाई तर म्हणतात, बरंच होईल. चातुर्मासात हिरव्यावर पाय पडायची भीती नाही. जिवंत गवत तुडवायला नको, कापायला नको, औषध मारायला नको. म्हणजे हे जास्त अहिंसक झालं ना?"

"आणि तुला काय वाटतं?"

"मला पटतंय. पण कुठेतरी खटकतंय. काय खटकतंय ते सांगता येत नाही."

तिचं खटकणं मला महत्त्वाचं वाटलं. ते काय आहे याचा शोध घ्यायचा म्हणून हे लिहिते आहे.

आधी तिची गरज नीट समजून घेऊ. तिला अकरा वर्षांची मुलगी आहे आणि त्या मुलीला क्रिकेटचं वेड आहे. सुरतेत ठिकठिकाणी बॉक्स क्रिकेटची टर्फ झाली आहेत. तासावर भाड्यानं मिळतात, रात्री उशिरापर्यंत दिव्यांच्या झोतात चालतात. घरातला मोठा मुलगा मित्रांबरोबर तिथे जातो. मुलीला रात्री नऊ वाजता तिथे कोण पाठवणार? मागच्या अंगणात माती आहे, पण पावसाळ्याचे चार महिने तिचा नुसता राडा होतो. आपल्या समाजात मुलींना शिकवतात, नाच शिकवतात, पाठशाळेत बसवतात. पण घाम येईपर्यंत धावायला जागा किती जणींना मिळते? तेव्हा एक आई आपल्या मुलीला खेळायला जागा करून देऊ पाहते आहे, ही गोष्ट मी हौसेच्या खात्यात टाकणार नाही.

खेळाच्या जगात कृत्रिम गवत आता खरोखर लागतं, हेही मान्य करायला हवं. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली. आदल्याच वर्षी विश्वचषक जिंकलेला आपला संघ तिथे सातवा आला. पराभवाला कारणं आणखीही असतील, पण ज्यांचे पाय मातीवर आणि गवतावर तयार झाले त्यांना नवं मैदान परकं होतं, हे त्यातलं एक होतंच. आज हॉकी खेळणाऱ्या मुलीला टर्फ नको असं सांगणं म्हणजे तिला हॉकी नको असं सांगणं आहे.

आता सासूबाईंचा मुद्दा घेऊ. तोही हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्याकडे वनस्पतीला जीव आहे हे शाळेत शिकण्याआधीच मुलांना माहीत असतं. मुनिमहाराज आणि आर्यिका माताजी चार हात पुढची जमीन पाहत चालतात, हिरव्यावर पाय ठेवत नाहीत. पावसाळ्यात जमीन जीवांनी भरून येते म्हणून चार महिने एका जागी राहतात. आपल्या घरांतून कितीतरी जणी अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चिरत नाहीत. पाणी गाळून घेतो, उकळून प्रासुक करतो, म्हणजे अचित्त करतो. ज्यात जीव नाही ते वापरलं तर दोष कमी, हा विचार आपल्या हाडीमाशी आहे. मग प्लास्टिकचं गवत हे पूर्ण अचित्त गवत झालं. ना त्याला मूळ, ना त्याच्यात जीव. सासूबाईंचा हिशेब वरवर पाहता बिनचूक आहे.

पण तो हिशेब फक्त वरच्या थराचा आहे. गवताची गुंडाळी काही हवेत अंथरत नाहीत. आधी जमीन चार-सहा इंच खणतात. निघालेली माती, मुळं, त्यातलं सगळं ट्रॉलीत भरून बाहेर टाकतात. मग खडी पसरतात, तिच्यावर बारीक कच टाकून रोलर फिरवतात. कुठे कुठे त्यावर काँक्रीटही ओततात, पाणी वाहून जावं म्हणून हलका उतार देतात. मग कृत्रिम गवताच्या पट्ट्या अंथरून, जोडांना पट्टी आणि गोंद लावून चिकटवतात. पात्यांच्या मध्ये सिलिकाची वाळू भरतात, आणि पाय रुतावा, पडलं तर लागू नये म्हणून पुष्कळदा रबराचे काळे दाणेही. ते बहुधा जुन्या टायरांचा भुगा असतात.

त्या चार-सहा इंचांत कोण राहतं? गांडूळ राहतं, ते दोन इंद्रियांचं. मुंग्या राहतात, त्या तीन इंद्रियांच्या. माती उकरून घर करणाऱ्या माश्या असतात, त्या चार इंद्रियांच्या. श्रावकाच्या अहिंसाणुव्रतात काय सांगितलं आहे ते आठवा. हलत्या-चालत्या, म्हणजे त्रस जीवांना जाणूनबुजून मारायचं नाही. पाणी, माती, वनस्पती या स्थावर जीवांची हिंसा संसारात पूर्ण टळत नाही, म्हणून ती गरजेपुरती, मर्यादेत ठेवायची. इथे आपण नेमकं उलट करतो. एका इंद्रियाचं गवत तुडवलं जाऊ नये म्हणून दोन, तीन आणि चार इंद्रियांच्या जीवांना रोलरखाली घालतो. आणि हे सगळं आपल्या डोळ्यांआड, दोन दिवसांत, कंत्राटदाराची माणसं उरकतात. तिसऱ्या दिवशी आपल्याला दिसतं ते स्वच्छ, सारखं, हिरवंगार अंगण.

जपमाळेत एकशे आठ मणी का असतात, हे आजीनं सांगितलेलं अनेकींना आठवत असेल. पाप करायचं मनात आणणं, त्याची तयारी करणं आणि ते प्रत्यक्ष सुरू करणं, हे तीन. ते मनानं, वाणीनं, शरीरानं, म्हणून नऊ. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केलेलं आवडलेलं, म्हणून सत्तावीस. आणि क्रोध, मान, माया, लोभ यांपायी, म्हणून एकशे आठ. कंत्राटदाराकडून झालेलं काम या हिशेबात कुठे बसतं ते सांगायला पंडित नको. ते करवलेलं आहे. आणि "बघ कसं छान अहिंसक झालं" असं म्हणालो, तर त्यात अनुमोदनाचा मणीही ओढला गेला.

इथे कुणी म्हणेल, मग खरं लॉन पुण्याचं का? अजिबात नाही. बंगल्यातलं लॉन म्हणजे काही रान नव्हे. दर आठवड्याला यंत्रानं कापायचं, वाळवी आणि किडी मारायला औषध फवारायचं, मे महिन्यात पाइप लावून पाणी सोडायचं आणि पिवळं पडलं की युरिया टाकायचा. त्यातही त्रस जीव मरतातच, आणि तेही एकदा नव्हे, वर्षानुवर्षं.

हजिऱ्यात राहणाऱ्या माणसाला तर या दोन्ही गवतांचं कूळ घराजवळच पाहता येतं. समुद्रातल्या विहिरींतला नैसर्गिक वायू नळानं हजिऱ्याला येतो, तिथे ओएनजीसीच्या प्रकल्पात शुद्ध होतो. त्याच हजिऱ्यात कृभकोचा मोठा खत कारखाना आहे, तिथे वायूपासून युरिया होतो. तो युरिया पडला की खरं गवत हिरवं होतं. आणि त्याच हजिऱ्यात रिलायन्सच्या कारखान्यात पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन होतं. कृत्रिम गवताची पाती याच जातीच्या प्लास्टिकची असतात. म्हणजे एक गवत जमिनीखालच्या वायूवर पोसलेलं, दुसरं जमिनीखालच्या तेलातून आलेलं. तापीच्या मुखाशी, खारफुटीच्या काठावर उभ्या राहिलेल्या या कारखान्यांवर कितीतरी मराठी घरांची चूल पेटते, त्यात आमच्या नात्यातलीही आहेत. त्याला आपल्याकडे उद्योगी हिंसा म्हणतात. पोटासाठी करावी लागते, ती गृहस्थाला पूर्ण सुटत नाही. तेव्हा प्लास्टिक वाईट आणि गवत पवित्र, इतकं सोपं भांडण मला लावायचं नाही.

मग खटकतं ते काय?

कृत्रिम गवत प्रसिद्ध कसं झालं, ती हकिकत इथे उपयोगी पडते. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात १९६५ साली ॲस्ट्रोडोम नावाचं छप्पर असलेलं अवाढव्य क्रीडागृह उघडलं. आत खरं गवत लावलं होतं, त्याला ऊन मिळावं म्हणून छत पारदर्शक ठेवलं होतं. पण त्या छतातून येणाऱ्या लखलखाटात खेळाडूंना उंच उडालेला चेंडू दिसेना. म्हणून छत रंगवलं. ऊन बंद झालं आणि गवत मेलं. तेव्हा १९६६ साली तिथे मोन्सँटो कंपनीचं प्लास्टिकचं गवत अंथरलं, आणि त्या क्रीडागृहावरूनच त्याला ॲस्ट्रोटर्फ नाव पडलं. यात कुणी दुष्टपणा केला असं नाही. एक सोय केली, त्या सोयीनं जीव गेला, मग जीव नसलेली वस्तू आणून त्याची जागा भरली. शेवटी पाहणाऱ्याला मैदान पहिल्यासारखंच हिरवं दिसलं. जीव गेल्याची खूण राहिली नाही.

सूनबाईला जे सांगता येत नव्हतं ते हेच असावं असं मला वाटतं. आपण पाणी प्रासुक करतो ते तांब्याभर, घागरभर, आपल्या पिण्यापुरतं. विहीर कुणी उकळत नाही. अचित्त करणं हीसुद्धा हिंसाच आहे, हे आपल्या जुन्या बायकांना पक्कं माहीत होतं. म्हणून तर गाळून राहिलेली जिवाणी, म्हणजे गाळण्यावर अडकलेले जीव, ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत हळूच परत सोडायची रीत होती. आपल्यापुरतं घ्यावं आणि बाकीच्यांचं घर त्यांना ठेवावं, असा तो व्यवहार होता. अख्खं अंगण अचित्त करणं म्हणजे विहीर उकळणं आहे. आपल्या पायाला दोष लागू नये म्हणून जिथे जीव असतील ती जागाच नाहीशी करायची! यात जीव वाचत नाहीत, फक्त आपली काळजी वाचते.

अनर्थदंडाच्या व्रतात, म्हणजे विनाकारण होणाऱ्या पापापासून दूर राहण्याच्या व्रतात, आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात प्रमादचर्येचा भाग सांगितला आहे. निष्कारण जमीन खणणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, झाडं तोडणं, उगाच फिरणं हे सगळं त्यात येतं. त्यात निष्कारण हा शब्द महत्त्वाचा आहे. गृहस्थानं जमीन खणूच नये असं आचार्य म्हणत नाहीत. कारण काय आणि किती, हे विचारतात. मुलीच्या खेळाला कारण आहे. पण खेळाला लागते ती एक पट्टी. धावपट्टी, यष्ट्या आणि मागे जाळी. उरलेलं अंगण भिंतीपर्यंत झाकायचं, कडुनिंबाच्या बुंध्याला गळफास लागेल इतकं जवळ न्यायचं, ते कशासाठी? बाराही महिने हिरवं दिसावं, पाहुण्यांनी वा म्हणावं, झाडायला सोपं पडावं. त्याला कारण म्हणता येईल, पण खेळ नाही म्हणता येणार.

म्हणून मी तिला हो किंवा नाही असं उत्तर दिलं नाही. प्रश्नच जरा बदलून दिला. दोष लागतो का असं विचारू नकोस, किती लागतो आणि किती टाळता येतो असं विचार. आपल्याकडे भोगोपभोगाचं परिमाण करतात ते याचसाठी. मग आम्ही दोघींनी फोनवर बसून यादी केली.

त्यांच्या मागच्या बाजूला गाडी ठेवण्यासाठी केलेला जुना काँक्रीटचा चौथरा होता. तिथली माती पूर्वीच झाकली गेली आहे. टर्फ घालायचंच तर तिथून सुरुवात करावी, नवी जमीन कमीत कमी खणावी. खणायची वेळ पावसाळ्यात येऊ देऊ नये, जीव तेव्हा सर्वांत जास्त असतात. झाडाच्या मुळांवर काही घालू नये.

रबराचे दाणे घेऊ नयेत. हे दाणे पायांतून, केरसुणीतून, पावसाच्या पाण्यातून निसटत राहतात. युरोपीय संघानं २०२३ साली अशा बारीक प्लास्टिकवर निर्बंध घातले, त्यात टर्फमधल्या या दाण्यांची विक्री २०३१पासून बंद होणार आहे. सुरतेत पावसाळ्यात पाणी कसं पडतं ते तिथल्यांना सांगायला नको. गटारातून निघालेला दाणा नाल्यात, नाल्यातून खाडीत जाणार. तिथे ओहोटीच्या चिखलात उड्या मारणारे निवटे मासे असतात, खेकडे असतात, बगळे असतात. आपण त्यांना ताटात घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या अंगणातला कचरा त्यांच्या पोटात जाणार नाही याचीही काळजी त्याच व्रतात येते.

जाळीत पक्षी अडकतात, म्हणून खेळ संपला की ती गुंडाळून ठेवावी. दुपारी त्या गवतावर मुलांना सोडू नये. उन्हात ते साठ अंशांच्या वर तापतं, चप्पल घालूनही पाय भाजतात. खरं गवत आपल्यातलं पाणी हवेत सोडून गार राहतं, याच्याकडे सोडायला काही नसतं. मग ते गार करायला पाणी मारावं लागतं, आणि "पाणी वाचतं" हा हिशेब तिथे थोडा चुकतो.

एका गोष्टीवर मात्र आमचं जमलं नाही. ती म्हणाली, "मावशी, ऊन तापतं म्हणता, मग मुलीनं खेळायचं कधी? संध्याकाळी शाळा, शिकवणी. झोताचे दिवे लावलेच पाहिजेत." मी म्हणाले, "आपण सूर्यास्तापूर्वी जेवतो ते का? दिव्यावर किडे येतात, ताटात पडतात, म्हणून. घरातला दिवा मंद केला आणि अंगणात चार झोत लावले, तर पावसाळ्यात रोज सकाळी खाली पतंगांचा खच झाडावा लागेल." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मुलगा रात्री बाहेर जाऊन दिव्यांत खेळणार, त्याला कुणी पतंग मोजायला लावत नाही. मुलीची वेळ आली की सगळ्यांना किडे दिसतात."

हे तिनं माझ्या वर्मावर बोट ठेवून सांगितलं, आणि ते खोटं नाही. आपल्या घरांतून धर्म पाळण्याचं ओझं बायकांच्या अंगावर जरा जास्तच पडतं. पाणी गाळणं तिचं, रात्री न रांधणं तिचं, हिरवं न चिरणं तिचं. पुरुषाची उद्योगी हिंसा क्षम्य, आणि मुलीच्या खेळातली आरंभी हिंसा मात्र तराजूत. असा तराजू कुठल्याही आचार्यांनी दिलेला नाही. ज्या दिव्याखाली पतंग मरतात तो भाड्याच्या टर्फवर असो की घरच्या अंगणात, दोष सारखाच. तेव्हा नियम करायचा तर दोन्ही मुलांना एकच करावा. पावसाळ्यात दोघांचाही रात्रीचा खेळ बंद, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सूर्य वर यायच्या आत दोघांना एकाच कोर्टावर सोडावं. भावानं तिला गोलंदाजी टाकावी. त्यात त्याचाही धर्म होईल. बाकीच्या महिन्यांत दिवा लावायचा का, हे मी तिच्यावर सोडलं आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही, आणि तिच्या मुलीच्या वतीनं मी ते देऊ नये असं वाटतं.

एक मागणं मात्र मी आग्रहानं केलं. कोर्ट कितीही छोटं-मोठं झालं तरी त्याला लागून हातभर रुंदीची उघडी माती ठेव. तिच्यात काही लावू नकोस, औषध मारू नकोस, आपोआप उगवेल ते उगवू दे. चेंडू तिकडे जाणारच. तो आणायला मुलगी जाईल तेव्हा तिला पाय कुठे टाकायचा ते पाहावं लागेल. मुंग्यांची रांग असेल, गोगलगाय असेल, पहिल्या पावसात मखमली लाल किडा दिसेल.

आपण मुलांना जीवदया शिकवतो ती पाठशाळेत, चित्रांच्या पुस्तकातून. एक इंद्रिय, दोन इंद्रियं, तीन इंद्रियं अशी यादी त्यांना पाठ असते. पण जपून चालायला यादी पुरत नाही. जिच्या अंगणात काहीच जगत नाही त्या मुलीचा पाय कधी कुणावर पडणार नाही, हे खरं. तिचा दोष शून्य राहील. पण खाली पाहून चालायची सवय तिला लागायची असेल तर खाली कुणीतरी असावं लागतं.